सगळ्या वॉर्डाचा पासवर्ड

इस्पितळात संगणक आला की वॉर्डात एक नवी पोस्ट तयार होते. तिची जाहिरात निघत नाही, पगारही नसतो, पण ती भरल्याशिवाय वॉर्ड हलत नाही. जिच्या लॉगिनवर अख्खा वॉर्ड चालतो, ती सिस्टर!

ट्रेनिंगला त्या वेळेवर गेल्या, हाच त्यांचा गुन्हा. आयडी त्यांना मिळाला. बाकीच्यांचे 'प्रोसेसमध्ये' आहेत. इंटर्न येतात नि जातात, रेसिडेंट बदलतात, आयडी प्रोसेसमध्येच. पेशंट तापाने फणफणलेला असताना फॉर्म भरत कोण बसणार? "सिस्टर, तुमचं जरा उघडून द्या ना." पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर निळ्या बॉलपेनने लिहिलेला असतो: बाप्पा@११. दर महिन्याला यंत्र नवा पासवर्ड मागतं; हा अकरावा बाप्पा.

त्यामुळे नोंदींत सिस्टर म्हणजे साक्षात अष्टभुजा. रात्री २ वाजता मेल मेडिकलमध्ये सलाईन लावतात आणि त्याच मिनिटाला ब्लड बँकेकडे पिशवी मागतात. भाचीच्या लग्नाला कराडला गेल्या, त्या रविवारीही त्यांनी वॉर्डभर इंजेक्शनं दिली. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, आणि फोन वाजला. "सिस्टर, ओटीपी आला का?" पदर तोंडाशी धरून त्यांनी सहा आकडे सांगितले. 'सावधान'च्या गजरात शेवटचे दोन पोचलेच नाहीत. पुन्हा सांगावे लागले. ऑडिटला आलेल्या साहेबांनी विचारलं, "चोवीस तास ड्युटी कशी काय?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "स्टाफ कमी आहे ना, सर."

याला निष्काळजीपणा म्हणणारा माणूस वॉर्डात रात्रपाळीला कधी उभा राहिलेला नसतो. आणि 'आपल्याकडे असंच' म्हणून हसायचंही कारण नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या अमेरिकन शिक्षण-रुग्णालयात संगणकावरून औषधं लिहायची पद्धत तपासली आणि २००५ साली, या पद्धतीमुळे चुकांना वाट मिळण्याच्या २२ तऱ्हा मांडल्या. आधीच्या डॉक्टरने लॉगआऊट न करता सोडलेल्या पडद्यावर पुढच्याने औषध लिहायचं आणि ते भलत्याच पेशंटला लागू व्हायचं, ही त्यातलीच एक. एका पेशंटची सगळी औषधं बघायला कधीकधी २० पडदे उघडावे लागत.

सिस्टरनी हा शोधनिबंध वाचलेला नाही. त्यांच्याकडे ओव्हरची, म्हणजे पाळी सोपवतानाची, वही आहे. पडदा सांगतो, बेड ९ चं इंजेक्शन बरोबर ६ ला दिलं. उशीर झाला की चौकोन लाल होतो नि वरून विचारणा येते, म्हणून सकाळच्या सगळ्या नोंदी पावणेसहालाच मारून ठेवलेल्या असतात. वही सांगते: 'बेड ९, पेशंट सोनोग्राफीला. आल्यावर दिलं, ७.२०.' खाली जिने खरोखर दिलं, त्या पोरीची सही. पाळी बदलताना सगळ्या जणी वहीभोवती जमतात. पडद्याकडे मान वळवायची कुणाला गरज वाटत नाही. वही अधिकृत नाही. तपासणी आली की ती चादरींच्या कपाटात जाते.

तेव्हा तुमचं माणूस कधी दाखल असलं, तर औषध कुणी आणि किती वाजता दिलं हे छापील कागदावर शोधत बसू नका. सिस्टरना विचारा, आणि त्या वही काढायला उठल्या तर घाई करू नका.