कर्नाळा वन्य सौंदर्य व कलागुण स्पर्धा : परीक्षकांसाठी नियमावली

सदर स्पर्धा पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवर, कर्नाळा पक्षी अभयारण्यात बारमाही भरते. आयोजक नाहीत, प्रायोजक नाहीत, दीपप्रज्वलन नाही. त्यामुळे ती वेळेवर सुरू होते. १९६८ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मैदान जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं, २००३ मध्ये ते वाढून बाराच्या वर गेलं. स्पर्धक उदंड आहेत. आपण स्पर्धेत आहोत हे त्यांना कुणी कळवलेलं नाही, पण तो तांत्रिक मुद्दा झाला.

परीक्षक होण्यासाठी दुर्बीण आणि मत या दोन गोष्टी लागतात. दुर्बीण नसली तरी चालतं. आमचे नाना, म्हणजे माझे थोरले मामा, बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाल्यापासून सगळ्यालाच दहापैकी गुण देतात. मामीच्या साबुदाण्याच्या खिचडीला देतात, लग्नाच्या पंगतीला देतात, एकदा तेराव्याच्या जेवणाला दिले होते. कर्नाळ्यात त्यांच्या वहीत अशी नोंद आहे : ‘स्वर्गीय नर्तक, नर. सात. शेपूट उत्तम, एका जागी स्वस्थ बसत नाही.’ ती वही माझ्या पुतणीच्या हाती लागली आणि तिने विचारलं, ‘‘नानाआजोबा, पण हे कुठल्या गटातले सात?’’ आयुष्यभर दुसऱ्यांच्या वहीत चुका काढलेल्या माणसाला हा प्रश्न लागतो. ही नियमावली त्यातून निघाली.

पुतणी तिच्या दादाच्या जुन्या गेम बॉयवर पोकेमॉन रुबी खेळते. २००२ साली जपानात आलेल्या या खेळात मारामारी तर आहेच, पण त्याला वैतागलेल्यांसाठी प्राण्यांच्या सौंदर्यस्पर्धाही आहेत. गट पाच : रुबाब, सौंदर्य, गोडवा, हुशारी आणि दणकटपणा. एका वेळी चार स्पर्धक. पहिल्या फेरीत प्रेक्षक नुसतं रूप बघतात, दुसऱ्या फेरीत पाच वेळा काहीतरी करून दाखवायचं. नानांनी हे सगळं लिहून घेतलं, ‘गोडवा’ या गटाखाली रेघ मारून ‘निकष?’ असं लिहिलं आणि मग स्वीकारलं.

रुबाब. या गटात वाद नाही. तुरेवाला सर्पगरुड वाळक्या फांदीवर येऊन बसतो, खाली चाळीस माणसं माना वर करून उभी असतात, आणि तो एकाकडेही बघत नाही. थेट आमच्या जुन्या रिजनल मॅनेजरसारखा. हे नानांचं म्हणणं. त्यांनी नऊ दिले. एक गुण राखून ठेवणं ही सवय आहे.

दणकटपणा. कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळाची पोळी आहेत. या गटात आजवर दुसरी प्रवेशिका आलेली नाही. परीक्षकांनी अत्तर लावून जाऊ नये, वर आरडाओरडा करू नये, धूर तर मुळीच करू नये. एरवी प्रात्यक्षिक स्वखर्चाने मिळतं. हे विनोदाने लिहिलेलं नाही.

सौंदर्य. इथे गर्दी फार. नवरंग पावसाच्या तोंडावर येतो, हिरवा-निळा-पिवळा-तांबडा सगळा ऐवज अंगावर घालतो, आणि एवढं करून पालापाचोळ्यात चालत किडे उचकतो. हरियाल आपला राज्यपक्षी, म्हणजे त्याला वशिल्याचा संशय आधीच आहे. तो वडा-उंबरावर फळं खाताना पानांत असा मिसळतो की ‘तिथे आहे, तिथे, त्या फांदीच्या डावीकडे’ असं दहा मिनिटं सांगूनही पाहुण्यांना दिसत नाही. शेवटी ते सभ्यपणाने ‘हां, दिसला’ म्हणतात. अशा ‘हां, दिसला’वर गुण देऊ नयेत.

पण खरा दावेदार स्वर्गीय नर्तकच. पांढराशुभ्र नर, काळं डोकं, आणि शरीराहून कितीतरी लांब दोन पिसं शेपटीला. तो उडतो तेव्हा पिसं एका वळणाने मागे राहतात आणि मग निघतात. नवख्यांना सहसा कळत नाही ते हे, की जन्मतः तो पांढरा नसतोच. तरुण नर विटकरी असतो, मादी तर कायमची विटकरी. पांढरा रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. बरेच लोक विटकरी दिसला की ‘मादी आहे’ म्हणून कॅमेरा खाली करतात. पुतणीने मात्र पहिल्याच दिवशी हिशेब लावला, कारण तिच्या खेळात फीबास नावाचा मासा आहे : तपकिरी, फाटक्या परांचा, रडक्या चेहऱ्याचा. त्याचं सौंदर्य खाऊ घालून पुरेसं वाढवलं की त्याचा मिलोटिक नावाचा देखणा जलचर होतो. हा मासा एका लांबलचक नदीत फक्त सहा चौकोनांत सापडतो. कुठल्या सहा, ते सांगत नाहीत. ती एकेका चौकोनात गळ टाकत आख्खी मे महिन्याची सुट्टी बसली होती. नाना एका उंबराखाली पाच मिनिटं बसले की विचारतात, ‘‘पुढे काही आहे का?’’

खुराकाविषयी. खेळात फळं दळून वड्या करतात. तिखट वडीने रुबाब वाढतो, गोडाने गोडवा, कडूने हुशारी, आंबटाने दणकटपणा. सौंदर्यासाठी कोरड्या, तुरट चवीची वडी. शिवाय एक मर्यादा ठेवलेली आहे : ठरावीक भरणा झाला की तो प्राणी आणखी खातच नाही, आणि हलक्या वड्या भरून बसलात तर फीबास जन्मभर फीबास राहतो. ही मर्यादा अभयारण्याच्या फाटकाशी माकडांना वेफर घालणाऱ्या कुटुंबांना कळवण्याची काही सोय असेल तर हवी आहे. माकड स्पर्धक नव्हे. ते नाश्त्याच्या पिशवीचं परीक्षण करतं आणि त्याचा निकाल लगेच लागतो.

पक्ष्यांचा खुराक झाडं देतात, तो बघायला शिका. बाकी काही शिकला नाहीत तरी चालेल. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा फुलला की त्याच्या समोर, थोडं लांब, सावलीत बसायचं. हिंडायचं नाही. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, सगळे मध प्यायला तिथेच येतात आणि चोचीला पराग लावून भांडतात. पिकलेला उंबर असेल तर तोही चालेल. रविवारी रांगेने पायवाट तुडवून, दर दहा पावलांवर ‘इथे काहीच नाही’ म्हणणाऱ्या गटाला जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट एका फुललेल्या सावरीखाली दिसतं. हे मी नानांना अनेकदा सांगितलं आहे. नानांना चालायचं असतं, कारण डॉक्टरांनी सांगितलंय.

गोडवा. निकष ठरला नाही. सुभग नावाचा चिमुकला पिवळा-काळा पक्षी आहे. विणीच्या काळात नर झाडावरून सरळ वर झेपावतो, पाठीमागची पिसं फुगवून गोल होतो आणि लांब शीळ घालत गिरक्या घेत खाली येतो. पुतणीने दहा दिले. नाना म्हणाले, दहा देता येत नाहीत, मग पुढच्याला काय देणार? ती म्हणाली, ‘‘त्यालापण दहा.’’

पुनरावृत्ती. खेळाच्या दुसऱ्या फेरीत एकच करामत लागोपाठ दोनदा केली तर परीक्षक कंटाळतो आणि गुण कापतो. हा नियम कर्नाळ्यात लागू केल्यास तांबट पक्षी पहिल्या मिनिटाला बाद होईल. उन्हाळ्याच्या दुपारी त्याचं टुक-टुक-टुक सुरू झालं की त्याला थांबा नाही. पावशाही बाद. ‘पेरते व्हा’ हा सल्ला तो मृगाच्या आसपास दिवसा देतो, रात्री देतो, एकेक पट्टी चढवत देतो, आणि पेरलेल्यांनाही देतो. वास्तविक तोचतोचपणावरच त्यांचा संसार उभा आहे : हद्द माझी, मी इथेच आहे, अजून आहे. तेव्हा हा नियम रद्द. उलट इथल्या महामार्गावरून रात्रंदिवस जाणारे ट्रेलर हॉर्न देत असताना आपला आवाज पोचवायचा तर दुसरा उपाय तरी काय आहे त्यांच्याकडे?

कॅमेऱ्याविषयी मला जरा रागाने लिहायचं आहे. तोफेएवढी लेन्स हा गुन्हा नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलावणं हा मात्र आहे. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो हातातलं काम, चोचीतला किडा, कधी घरटंसुद्धा सोडून भांडायला येतो, भांडायला कुणी नसतं, आणि झुडपामागून बारा जण फोटो काढतात. तेवढ्यात दुसरा गट येतो, पुन्हा तेच वाजवतो. घरट्यासमोरच्या फांद्या ‘फ्रेम मोकळी व्हावी’ म्हणून वाकवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ज्या पानांनी ते घरटं टकाचोराच्या नजरेपासून झाकलेलं असतं तीच पानं हे बाजूला करतात. अशा व्यक्तींना परीक्षक, प्रेक्षक किंवा चहाला सोबत म्हणूनही घेऊ नये.

शामाच्या बाबतीत हे आणखी लागतं. लांब शेपटीचा, तांबूस पोटाचा हा गवई बांबूच्या जाळीत संध्याकाळी गातो, आणि एकदा ऐकला की बाकीच्यांचं गाणं सरावाचं वाटतं. याच गळ्यापायी इंडोनेशियात आणि सिंगापुरात त्याच्या खऱ्याखुऱ्या स्पर्धा होतात. पिंजरे ओळीने टांगतात, परीक्षक खालून फिरतात, बक्षिसं असतात. आणि त्या शौकासाठी इंडोनेशियातल्या कित्येक जंगलांतून शामा पकडून पकडून नाहीसा होत चालला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पिंजऱ्यात ठेवता येत नाही. हे ऐकून नानांनी वहीतल्या शामाच्या नावापुढचा साडेआठ खोडला. का, ते सांगितलं नाही. पुढे नुसती रेघ आहे.

मादीचं परीक्षण. परीक्षक म्हणून फार चढून गेल्यासारखं वाटू लागलं तर पावसाळ्यात अभयारण्याबाहेर, भातखाचरांच्या कडेला, शिंदीवर किंवा विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीची वस्ती बघून यावी. घरटं नर विणतो. शाळेत भलत्याचंच कौतुक ऐकलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जातं. तो भाताच्या पातीच्या, गवताच्या लांब धांदोट्या सोलून आणतो, गाठी मारतो, आणि घरटं अर्धं झालं, शिरस्त्राणाच्या आकाराला आलं, की थांबतो. मग माद्या येतात. वस्तीतले सगळे नर आपापल्या घरट्याला लोंबकळून पंख फडफडवतात आणि एकच कलकलाट करतात. मादी आत शिरते, विणकाम ओढून बघते, बाहेर येते आणि काही न बोलता शेजारच्याचं बघायला जाते. पास झालं तरच खालची नळी विणायची. नापास झालेलं अर्धवट घरटं तसंच लटकत राहतं किंवा नर ते सोडून नवं घालतो. पास झालेला नर मादीने अंडी घातली, की दुसरं घरटं विणून दुसऱ्या मादीसमोर फडफडायला मोकळा. या शेवटच्या माहितीवर मामीने नानांकडे बघितलं. नानांनी दुर्बीण पुसायला घेतली.

ऑडिटचा माणूस असल्यामुळे नाना त्या बाभळीखाली अर्धा तास हलले नाहीत. ‘‘फिजिकल व्हेरिफिकेशन करते ती,’’ म्हणाले.

हुशारी आणि प्रलंबित हरकत. या गटाचा निकाल अजून लागलेला नाही. पल्लवपुच्छ कोतवाल, शेपटीच्या दोन काड्यांच्या टोकांना पिसांच्या झुबक्यांचा पसारा घेऊन हिंडणारा, इतर पक्ष्यांच्या मिश्र थव्याबरोबर फिरतो आणि सगळ्यांचे आवाज काढतो. कुटुर्ग्याचा काढतो, हळद्याचा काढतो, शिकारी पक्ष्यांचेही काढतो. तुम्ही हळद्या शोधत झाडाभोवती तीन फेऱ्या मारता आणि वर हा काळा बसलेला असतो. थव्यालाही तो हवा असतो, कारण धोका त्याला आधी दिसतो. त्याबदल्यात इतरांनी उठवलेले किडे तो मटकावतो. पुतणीने प्रथम क्रमांक जाहीर केला. नानांची हरकत अशी की, ही सरळसरळ नक्कल आहे आणि नक्कल करणाऱ्याला परीक्षेतून उठवतात. पुतणीचं म्हणणं, खेळात आधीच्या स्पर्धकाइतकेच गुण मिळवून देणारी करामत अधिकृत आहे, आणि ती चालते. नानांनी हरकत लेखी घेतली. हरकतींचा निवाडा करण्याचा अधिकार मुख्य परीक्षकांना, म्हणजे नानांनाच आहे. त्यांनी स्वतःच्या हरकतीवर स्वतःचं म्हणणं ऐकून घेतलं, पळस्प्याच्या नाक्यावर दोन कप चहा होईपर्यंत विचार केला, आणि कागदपत्रं अपुरी असल्याचा शेरा मारून ती स्वतःलाच परत केली.