नऊबार साहेब

चाकणच्या मोटार कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या कंपनीत हा माणूस हमखास क्वालिटीला असतो. प्रॉडक्शनवाला घरी एस्प्रेसो मशीन घेत नाही, त्याला कप भरल्याशी मतलब. डिस्पॅचवाला तर अर्धा कपही रवाना करून मोकळा होतो. क्वालिटीवाल्याचं मात्र दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरत नाही. मग एका दिवाळीत बोनस आणि ऑनलाइन सेल एकाच आठवड्यात येतात आणि मोशीच्या टू बीएचकेत, ओट्यावरच्या मिक्सरला हुसकावून, स्टीलचं एक धूड ठाण मांडून बसतं.

आमच्या सोसायटीतल्या साहेबांना 'नऊबार' हे नाव गणेशोत्सवाच्या मीटिंगमध्ये पडलं. वर्गणीचा विषय चालू असताना ते शेजाऱ्याला म्हणाले, "मशीनवर पंधरा छापलंय, पण आपल्याकडे फक्त नऊ बार." भजनी मंडळाच्या एका आजींनी तेवढंच ऐकलं. एवढ्या मालदार माणसाकडून पाचशे एक कसले घेता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

खरा प्रकार असा, की हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाबाने गरम पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून रेटलं, की एस्प्रेसो होते. घरगुती मशीनवरचा पंधराचा आकडा मुख्यतः गिऱ्हाइकावर छाप पाडायला असतो. साहेबांनी वॉरंटीवर पाणी सोडून मशीन उघडलं, आतला व्हॉल्व्ह फिरवून दाब नऊवर आणला आणि गेज लावला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पण तृप्त दिसत होते.

पहाटे पावणेपाचला मशीन चालू होतं, कारण नुसता दिवा लागून भागत नाही, लोखंड आतपर्यंत तापावं लागतं. मग ग्राइंडर सुरू होतो आणि खालच्या मजल्यावरचं बाळ उठतं. काट्यावर १८ ग्रॅम कॉफी हवी. १८.१ दिसलं तर साहेब चिमटीने कणभर पूड काढतात. बारीक सुयांच्या ब्रशने गुठळ्या फोडायच्या, दट्ट्याने पूड सपाट दाबायची, हँडल अडकवायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी पडली पाहिजे. धार लवकर सुटली तर कॉफी आंबट, रेंगाळली तर कडू.

पहिला कप एकोणीस सेकंदांत भरतो. "रिजेक्ट." कॉफी सिंकमध्ये. दळण एक खूण बारीक. दुसरा कप बेचाळीस सेकंद घेतो. "रिजेक्ट." तिसऱ्याची धार मधासारखी सुटते, वर तांबूस साय धरते, साहेबांचा चेहरा उजळतो आणि नेमका तेव्हा कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतो. तो कप वहिनींच्या वाट्याला येतो. साहेब कंपनीत पोचून कॅन्टीनचा गोड चहा दोनदा घेतात आणि सगळ्यांना सांगतात, की आज प्रोसेस कंट्रोलमध्ये होती.

पावसाळ्यात तर कालचं दळण आज चालत नाही, कारण हवा दमट झालेली असते. साहेबांनी त्यासाठी वही घातली आहे: तारीख, दमटपणा, ग्रॅम, सेकंद, शेरा. 'शेरा' या रकान्यात चवीबद्दल मला एकही शब्द सापडला नाही.

पाण्याचा ताप वेगळाच. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिकेचं पाणी दिवसाआड. उरलेली गरज टँकर आणि बोअरवेल भागवतात, आणि बोअरचं जड पाणी बॉयलरमध्ये क्षार धरतं. म्हणून मशीनला वीस लिटरचा विकतचा जार, तोही मीटर बुडवून पास झालेला. घरातल्या माणसांना कुठलंही चालतं.

एकदा वडील म्हणाले, "कडू आहे रे." वडील टेल्कोतून रिटायर झालेले, त्यांची कॉफीची कल्पना म्हणजे लग्नाच्या हॉलमधली, शिट्टी मारत वाफ सोडणाऱ्या मशीनची, भरपूर साखरेची आणि वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली. पण साहेबांच्या लेखी ही कस्टमर कम्प्लेंट होती. लगेच व्हाय-व्हाय अॅनालिसिस. कडू का? धार रेंगाळली. का रेंगाळली? दळण बारीक झालं. का झालं? ग्राइंडरची खूण सरकली. का सरकली? मावशींनी फडकं मारलं. पाचव्या 'का'वर साहेब अडले, तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "कारण मशीन आणलं!" कागदावर रूट कॉजचा रकाना अजून कोरा आहे.

दूध तापवण्यात मात्र हा माणूस खरा कारागीर आहे, हे मान्य करावं लागेल. वाफेची नळी आधी दुधाच्या पृष्ठभागाशी ठेवून हवा भरायची, मग जरा खाली नेऊन दूध भोवऱ्यासारखं फिरवायचं आणि साठ-पासष्ट अंशांवर थांबायचं. त्यापुढे गेलं की दुधाची गोडी उतरते. आपल्या आया दूध उतू जाईपर्यंत थांबतात, त्यामुळे "कोमट आहे" ही तक्रार प्रत्येक पाहुण्याकडून येते. साहेब ती नोंदवून घेत नाहीत. स्पेसिफिकेशनबाहेरची मागणी.

त्यांना इतिहास विचारू नये, पण लोक विचारतात. तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेच्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. पुढे मिलानच्या गाजियांनी दुसऱ्या महायुद्धानंतर दांड्याचं मशीन बाजारात आणलं आणि कॉफीवर साय आली. इथे साहेबांचा सिद्धांत सुरू होतो. तुरीन हे फियाटचं गाव, म्हणजे तिकडचं पिंपरी-चिंचवड. ज्यांना गाडी जमते त्यांना कॉफी जमते. "मग आपल्या चाकणनं काय घोडं मारलंय?" या प्रश्नाला तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तरी कुणाकडे उत्तर नसतं.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा होते, तशी ओट्यावरही होते. झेंडूचा हार, हळद-कुंकू, नारळ. मिक्सर हॉलमध्ये टीव्हीशेजारी असतो, त्यालाही वहिनी गुपचूप एक फूल वाहतात.

तुम्हाला कॉफीचं बोलावणं आलं तर जरूर जा. मात्र रविवारी जा, घरून चहा घेऊन जा आणि पहिल्या दोन कपांना हात लावू नका. तिसरा सोडू नका. तशी कॉफी भोसरीपासून चाकणपर्यंत मी तरी दुसरीकडे प्यायलेलो नाही.