प्रश्न उद्भवत नाही

मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला घर सोसत नाही आणि घराला तो. काही जण सोसायटीचे सेक्रेटरी होतात, काही वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. ज्यांनी उभी हयात अधिवेशनाची कामं उपसली, ते नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला जातात. कुठल्याही प्रशिक्षण केंद्राचं वेळापत्रक पाहा. जेवणानंतरच्या, डोळे मिटण्याच्या तासाला ‘विधानमंडळ कामकाज’ असतं आणि तो तास हेच गृहस्थ घेतात. नाव निराळं, माणूस तोच. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात एक निळं आणि एक लाल पेन, काखेत पुठ्ठ्याची फाईल. मुलं त्यांना पाठीमागे ‘उद्भवत नाही सर’ म्हणतात. सरांना ते ठाऊक आहे आणि बहुधा आवडतंही.

समोरची मुलं राज्यसेवेतून ताजी उतरलेली. मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं, अनुच्छेद १६४, हे त्यांना झोपेतही येतं. सर कौतुकानं मान डोलावतात. मग विचारतात, “शुक्रवारी संध्याकाळी लक्षवेधी सूचना येऊन पडली. निवेदन सोमवारी सकाळी हवंय. पहिलं काय कराल?” कोणी म्हणतं, नियम पाहू. कोणी म्हणतं, वरिष्ठांशी चर्चा. “शाखा अभियंत्याला फोन लावाल,” सर सांगतात. “त्याच्या घरी. तो गावाला निघायच्या आत.”

मग पूल येतो. सरांच्या प्रत्येक तासाला हा पूल वाहून जातो. आमदारांचा तारांकित प्रश्न असतो: अमुक नदीवरील पूल दिनांक १२ जुलै रोजी वाहून गेला, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? शाखा अभियंता कळवतो, ‘पूल वाहून गेला.’ उपअभियंता त्याचा ‘पुलाचा काही भाग’ करतो. कार्यकारी अभियंत्याकडे भागाला ‘हानी पोहोचते’, अधीक्षक अभियंत्याकडे ती ‘निदर्शनास येते’, आणि मुख्य अभियंत्याकडून कागद मंत्रालयात पोहोचतो तेव्हा पूल जवळजवळ उभा असतो. तेवढ्यात कार्यासनातल्या एका हुशार माणसाच्या लक्षात येतं, की पूल रात्री बारानंतर गेला. म्हणजे तारीख १३. उत्तर तयार: ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

वर्ग हसतो. सर हसत नाहीत. तो हुशार माणूस कोण, हे एव्हाना वर्गाच्या ध्यानात आलेलं असतं.

“आता पुढं ऐका. तारांकित प्रश्नाला उपप्रश्न असतात. आमदार उठतात आणि विचारतात, ‘अध्यक्ष महोदय, १३ तारखेला वाहून गेला काय?’ मंत्री गॅलरीकडे बघतात. गॅलरीत आपण. आपली चिठ्ठी मंत्र्यांच्या हातात जाईपर्यंत विरोधक वेलमध्ये उतरलेले असतात. म्हणून चिठ्ठी आधी लिहून ठेवायची. अक्षर मोठं, ओळी तीन. आणि खरं उत्तर मंत्र्यांना आदल्या रात्रीच सांगायचं. सभागृहाला काय सांगायचं ते त्यांना ठरवू द्या, पण त्यांना अंधारात ठेवलंत तर तुम्हाला प्रशासन नाही, लपंडाव येतो.”

हा माणूस मला इथे गोंधळात टाकतो. तीस वर्षं सभागृहाच्या हाताला न लागण्याची कला त्यानं जोपासली, आणि सभागृहावर त्याच्याइतकी श्रद्धा असलेला दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाविषयी सासुरवाडीसारखी तक्रार करतो, पण डिसेंबर लागला की त्याला करमत नाही. आमदार ओरडतात, कागद फाडतात, सभात्याग करतात, या कशाचंच त्याला काही वाटत नाही. कपात सूचना वाचून न पाहता टाकून देणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याची गोष्ट सांगताना मात्र त्याचा आवाज चढतो. सरकारकडे एक रुपया जरी खर्चायला असेल तर तो सभागृहानं दिलेला, हे त्याला मनापासून पटलेलं आहे. शिकवताना तो हे कधीच म्हणत नाही. पुरवणी मागण्यांचे तक्ते मात्र दोन-दोनदा काढायला लावतो.

गंभीर व्हायचं झालं की सर मुंदडा प्रकरणाकडे वळतात. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली, लोकसभेत फिरोज गांधींनी सरकारला धारेवर धरलं, आणि न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा रोख होता, की हे सचिवानं केलं. छागलांचा निष्कर्ष: सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. १९५८ च्या फेब्रुवारीत मंत्री गेले. “म्हणून सभागृहात तुमचं नाव निघत नाही,” सर म्हणतात. मुलं सैलावतात. “समितीत निघतं. लोकलेखा समितीपुढे साक्षीला सचिव बसतो. तिथं चिठ्ठी द्यायला मागं कुणी नसतं.” मग हक्कभंग. २००८ साली महाराष्ट्र विधानसभेनं राज्य निवडणूक आयुक्तांना हक्कभंगापायी दोन दिवसांची कैद सुनावली होती, हे सांगून सर घोटभर पाणी पितात. जेवणानंतरची झोप इथं उडते.

शेवटी अभिरूप अधिवेशन. एक मुलगा मंत्री, मागच्या बाकावरचे विरोधी पक्ष, सर अध्यक्ष. विरोधी पक्ष नैसर्गिक प्रतिभेनं रंगात येतो. पूल कधी बांधणार, या प्रश्नावर घाम फुटलेला मंत्री बोलून जातो, “तपासून पाहू, माहिती घेऊन पटलावर ठेवू.” टाळ्या. सर फाईल उघडतात आणि लाल पेनानं काहीतरी लिहून घेतात.

तो मुलगा पुढं एका दूरच्या तालुक्यात रुजू झाला. तीन महिने झाले आणि त्याच्या नावे रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. विषय: अभिरूप अधिवेशनातील प्रलंबित आश्वासनाबाबत. ‘आपण सभागृहास दिलेल्या आश्वासनाची पूर्तता अद्याप झालेली नाही. विलंबाची कारणे सात दिवसांत कळवावीत.’ मुलानं आधी ते मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. हसून झाल्यावर त्याला रात्री झोप लागेना. सकाळी त्यानं उत्तर लिहिलं: पूल काल्पनिक असल्याने प्रश्न उद्भवत नाही.

उलटटपाली पाकीट परत आलं. त्याच्या वाक्याखाली लाल रेघ आणि शेरा: ‘पूल काल्पनिक आहे. आश्वासन नाही. शेवटची संधी म्हणून एक महिन्याची मुदतवाढ.’