चाकणचा माल, डेक्कनचा भाव

मजुराचे खिसे फाटू नयेत म्हणून लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस या जोडगोळीने 1873 साली अमेरिकेत विजारीला तांब्याचे रिबिट ठोकायचं पेटंट घेतलं. दीडशे वर्षांत प्रगती एवढी झाली, की तीच विजार आता फाडूनच विकायला येते. फाडण्याची मजुरी गिऱ्हाईक देतं.

हे ज्ञान मला पुण्यात डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये झालं. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे आमच्या तरुणांचा रविवार गुरुवारी येतो. पूर्वी तो पिंपरी कॅम्पात शगुन चौकातच साजरा व्हायचा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभारलेली ही बाजारपेठ. लग्नाच्या बस्त्यापासून बनियनपर्यंत सगळं मिळतं, पण 'व्हाइब' मिळत नाही, असं माझा भाचा म्हणतो. ऑगस्ट 2023 पासून पिंपरीला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, की डेक्कन. म्हणजे व्हाइबची सोय सरकारने केली. भाच्याच्या चाकणहून पिंपरीला पोचायची तेवढी राहिली. वाटेत तळेगाव चौकात ट्रेलरमागे जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एखादी फॅशन येऊन जुनी होते.

भाचा चाकणच्या कारखान्यात ट्रेनी आहे. आठवडाभर अंगावर सहा खिशांची पँट, पायात जाडजूड बूट, छातीवर कंपनीचं नाव. सुट्टीच्या दिवशी घासाघीस करून त्याने घेतलं काय? सहा खिशांची पँट (हिला कार्गो म्हणायचं), जाडजूड बूट आणि छातीवर कुठल्याशा अमेरिकन गॅरेजचं नाव असलेलं जॅकेट. कंपनी हे सगळं फुकट देते, हाच तिचा दोष असावा. शिवाय कंपनीच्या खिशात व्हर्नियर असतो, मार्कर असतो. या सहा खिशांत ठेवायला काहीच नाही, पैसेसुद्धा मोबाइलमध्ये.

वेल्डिंगची ठिणगी उडून गुडघ्याला भोक पडलं, तर सुपरवायझर सेफ्टीवर अर्धा तास सुनावतो. इथे भोकाचा भाव वेगळा लागतो.

"मामा, कसं दिसतंय?" जॅकेटच्या खांद्याची शिवण कोपराकडे निघाली होती. "ओव्हरसाइज आहे," त्याने खुलासा केला. आमच्या आईने शाळेचे सदरे 'वाढत्या अंगाचे' म्हणून असेच शिवून घेतले होते. वर्गात आम्हाला हसणारे किती मागासलेले होते, ते आता कळलं.

जॅकेटच्या बाहीवर ग्रीसचा डाग दिसला. "धुतल्यावर जाईल ना?" मी दुकानातल्या पोराला विचारलं.

"काका, प्रिंट आहे. जाणार नाही, गॅरंटी."

मशीन शॉपमधले असले डाग घासण्यात आमच्या हिची उमेदीची वर्षं गेली. माझे दोन जुने बॉयलर सूट अजून माळ्यावर पडलेत, असं मी सहज बोलून गेलो. पोराने हातातलं गिऱ्हाईक सोडलं.

"ओरिजिनल? डागासकट?"

"एकावर कटिंग ऑइल सांडलंय. दुसऱ्याचं आमच्या घरी फरशीचं पुसणं झालंय."

"दुसरा आधी आणा, काका," तो आवाज खाली आणत म्हणाला. "त्याला जास्त येतील."