आठ-चारचा डोंबिवलीकर

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात वेळ वाचवणे ही वैयक्तिक सवय नसून कौटुंबिक संस्कार असल्यामुळे, व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या ‘स्पीडरन’ नामक छंदाचे उपासक याच पट्ट्यात निपजावेत, यात नवल काही नाही. नवल एवढेच, की ज्या वडिलांनी हा संस्कार केला तेच आपल्या चिरंजिवांना ‘वेळ वाया घालवणारा’ म्हणून ओळखतात.

हा डोंबिवलीचा स्पीडरनर साधारणतः पंचविशी ओलांडलेला, अभियांत्रिकीची पदवी पदरात पडलेला आणि ऐरोलीच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या कार्यालयात पाळीने काम करणारा असून, दिवसा फडके रोडवरच्या गर्दीत तो वेगळा ओळखू येत नाही. रात्री घरातली मंडळी आडवी झाली की पडद्याच्या एका बाजूस खेळ आणि दुसऱ्या बाजूस प्रत्येक टप्प्याची वेळ दाखवणारे घड्याळ, ज्यास या मंडळींत ‘स्प्लिट्स’ म्हणतात, अशी मांडामांड करून तो बसतो, आणि पहिल्याच टप्प्यात मनासारखी वेळ आली नाही की सगळा डाव मोडून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. या कृतीला ‘रिसेट’ म्हणतात. पलीकडच्या खोलीतल्या आजीला हा शब्द माहीत नसला, तरी रात्रभर एकाच कळीचा खटका ऐकून नातवाचे काहीतरी सारखे बिनसते आहे, हे तिने अचूक ताडलेले असते.

त्याचे आराध्य बहुधा निन्टेंडोने १९८५ मध्ये काढलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हाच खेळ असतो. नव्वदीच्या दशकात स्वस्त नकली यंत्रांतून हा खेळ मध्यमवर्गीय घरांत शिरला तेव्हा त्याच्या मामेभावाने बत्तीसच्या बत्तीस टप्पे पार करून राजकन्या सोडवण्यात एक अख्खी मे महिन्याची सुटी घालवली होती. स्पीडरनर मात्र एक-दोन आणि चार-दोन या टप्प्यांतल्या गुप्त वाटांनी पुढे निसटून बत्तीसांपैकी आठच टप्पे खेळतो. या प्रकारास ‘एनी पर्सेंट’ असे नाव असून, खेळाचा किती भाग पाहिला यास महत्त्व नाही, शेवट गाठला म्हणजे झाले, असे त्याचे तत्त्व आहे; परंतु शेजाऱ्यांच्या मुलांचे दहावीचे टक्के दशांशासह पाठ असणाऱ्या इमारतीत ते उघडपणे मांडण्याचे धैर्य अद्याप कोणी दाखवलेले नाही. वडिलांना ही शुद्ध लबाडी वाटते. वस्तुतः १९१६ पासून वापरात असलेल्या पारसिकच्या बोगद्यातून, जलद गाडीने मुंब्रा आणि कळवा ही दोन्ही स्थानके गाळत ठाणे गाठण्यात त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे गेलेली असतात, आणि त्याबद्दल त्यांना कधी खंत वाटल्याचे ऐकिवात नाही.

या खेळाचे मर्म ‘फ्रेमरूल’ या नियमात आहे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलते आणि त्यातल्या एकेका चित्रास फ्रेम म्हणतात; टप्पा पार झाला तरी पुढचा टप्पा लगेच उघडत नाही, तर यंत्र दर २१ फ्रेमनी, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदांनी एकदाच ती मुभा देते. थोडक्यात, दर २१ फ्रेमनी एक गाडी सुटते, आणि ती सुटल्यावर एका फ्रेमने फलाटावर पोहोचलेला व वीस फ्रेमनी पोहोचलेला असे दोघेही पुढच्या एकाच गाडीने जातात. एरवी किचकट वाटणारा हा नियम डोंबिवलीत समजावून द्यावा लागत नाही, कारण पुलाच्या पायऱ्या उतरता उतरता ज्याची गाडी हलली आहे अशा प्रत्येकाच्या तो अंगी मुरलेला असतो. आठ-चार या अखेरच्या टप्प्यात मात्र ही सवलत नाही. तेथे प्रत्येक फ्रेम हिशेबात धरली जाते, आणि त्यामुळे हात नेमका तेथेच थरथरतो.

निफ्ट्स्की या टोपणनावाच्या खेळाडूने २०२१ मध्ये हा खेळ प्रथमच ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत संपवला, आणि संगणकाच्या साहाय्याने एकेक फ्रेम जुळवून रचलेल्या आदर्श धावेपासून माणूस आता अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतरावर आला आहे. आपला डोंबिवलीकर या विक्रमाच्या काही सेकंद मागे असून, त्यांतला एखादा सेकंद कमी करण्यासाठी आयुष्याची काही वर्षे खर्ची घालण्यात कसलीही विसंगती आहे, असे त्यास वाटत नाही. छंदाच्या समर्थनार्थ तो आईला सांगतो, की अमेरिकेत २०१० पासून ‘गेम्स डन क्विक’ नावाचे मेळे भरतात आणि त्यांतून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्थांसाठी कोट्यवधी डॉलर जमलेले आहेत, त्यावर “त्यातले तुला किती मिळाले?” हा आईचा प्रश्न या विषयावरच्या चर्चेचा शेवट ठरतो. वडिलांसाठी त्याच्याकडे निराळा दाखला असतो: १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेल्या पहिल्या गाडीने ठाणे ५७ मिनिटांत गाठले असे सांगतात, आणि धीम्या लोकलला आजही साधारण तेवढाच वेळ लागतो, तेव्हा विक्रम मोडणे किती अवघड असते हे रेल्वेच्या प्रवाशाने तरी ओळखावे.

पहाटे पाचच्या सुमारास एक झोपायला निघालेला आणि दुसरा गाडीसाठी उठलेला, असे हे दोघे न्हाणीघराच्या दाराशी समोरासमोर येतात, तेव्हा दोघांचीही नजर घड्याळावर असते आणि वाट कोणी कोणाला द्यायची यावरून प्रत्येकाचे दोन-तीन फ्रेमरूल वाया जातात.

अशा घरी जाण्याचा योग आल्यास रन चालू असताना दाराची बेल वाजवू नये, आणि “याचा पुढे उपयोग काय?” असे न विचारता “आठ-चारला किती गेले?” एवढेच विचारावे; उत्तर लांबते, म्हणून परतीची शेवटची लोकल किती वाजता आहे, ते आधी पाहून ठेवावे.