ओरिजनलचा धाकटा भाऊ

सातारा घ्या नाहीतर सांगली, स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेकचे लायनर मागितले की पहिला प्रश्न ठरलेला. "ओरिजनल देऊ का तसलंच देऊ?"

'तसलंच' हा ओरिजनलचा धाकटा भाऊ. डबा तोच, रंग तोच, होलोग्राम तर थोरल्यापेक्षा जास्त चमकतो. कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं असतं, पण ब्रेक दाबताना स्पेलिंग कोण वाचतं? किंमत निम्मी. माल कुठला, तर "दिल्लीचा". दिल्लीत कुठला, हे दिल्लीलाही ठाऊक नसावं. मग दुसरा प्रश्न, "बिल पायजे का? जीएसटी लागंल." बिल कुणालाच नको असतं.

सरकारनं मात्र आपलं काम चोख केलंय. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात ११०-अ कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सदोष गाड्या कंपनीनं परत बोलवायच्या, पार्ट फुकट बदलून द्यायचा; सरकारला बडगा उगारावा लागला तर दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. फक्त गाडीचं वय सात वर्षांच्या आत हवं.

सात! आमच्याकडं सात वर्षांची गाडी म्हणजे आत्ता कुठं हाताला बसलेली. वॉरंटी असेपर्यंत ती शोरूमला जाते, एसीत बसते, कंपनीचाच पार्ट खाते. वॉरंटी संपली की नाक्यावरच्या मिस्त्रीकडं येते आणि तिथं धाकट्या भावाशी तिची गाठ पडते. म्हणजे बाहेरचे पार्ट बसायला लागले, की कायदा पेन्शनीत निघतो. टायमिंग बघा.

बरं, कायदा पेन्शनीत गेला नाही असं धरू. २०२१ साली मारुतीनं १,८१,७५४ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. शेवटच्या चार गाड्यांचासुद्धा हिशेब, कारण चॅसी नंबर आणि मालकाचा पत्ता कंपनीच्या दप्तरात. आमच्या लायनरचं दप्तर दुकानदाराच्या डोक्यात. "त्यो न्हवं का, पांढऱ्या बोलेरोवाला, तासगावचा." आता तासगावच्या सगळ्या पांढऱ्या बोलेरोंना नोटीस धाडा.

ग्राहकांसाठीही दिल्लीत केंद्रीय प्राधिकरण आहे, धोकादायक वस्तू परत घ्यायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. २०२२ मध्ये त्यानं अ‍ॅमेझॉनला २,२६५ प्रेशर कुकर परत घ्यायचा आदेश दिला. पुढच्या वर्षी सीटबेल्टच्या क्लिपांवर बडगा आला. ही क्लिप बकलात खोचली की बेल्ट न लावताही गाडीची पीं-पीं बंद. पाच ऑनलाइन दुकानांतून मिळून १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. गंमत अशी, की क्लिपेत खोट काहीच नव्हती. ती सांगितलेलं काम शंभर टक्के करत होती, हाच तिचा गुन्हा. आमच्या लायनरचं नेमकं उलटं, तो काहीच करत नाही, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही.

पण आपल्याकडं पार्ट परत येत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. भंगारातून येतात! झिजलेला टायर रिमोल्ड होऊन येतो, तुटका पाटा वेल्डिंग करून येतो, काळा रंग मारला की बेअरिंगसुद्धा कुमारिका. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, 'प्रिया' तिथं बनायची. आता ती कंपनी स्कूटर बनवत नाही, बजाज समूहाचे शेअर सांभाळते. सुटे भाग गेले, समभाग उरले. तरी एखादी प्रिया अजून फटफटत जाते. तिच्यात मूळचं काय उरलंय ते विचारू नये, नंबरप्लेट तरी असेल.

या सगळ्यातून सुखरूप सुटली ती उसाची ट्रॉली. हंगामात रात्री कऱ्हाड-इस्लामपूर पट्ट्यात जाऊन बघा. मागं दिवाच नाही, तर सदोष दिवा परत कुठला बोलावणार?

आमच्या ओळखीच्या दुकानदारानं परवा स्वतःहूनच सांगितलं, मागच्या लॉटचे लायनर खराब होते, दोन-तीन गिऱ्हाइकं बोंबलत आली होती. म्हटलं, मग बाकीच्यांचं काय केलंत?

"काय करणार? संपला की त्यो लॉट."