आबांची हॉर्नशाळा

यवतमाळच्या दत्त चौकाजवळच्या एका घरातून दर रविवारी सकाळी मोटार बाहेर निघते, निंबाखाली उभी राहते आणि तासभर जागची हलत नाही. आत शाळा भरलेली असते. मास्तर म्हणजे निवृत्त आबा, विद्यार्थिनी एकच, सहा वर्षांची नात.

जून २०२३ मध्ये नागपुरात घराजवळच्या एका उभ्या मोटारीत तीन लेकरं मृतावस्थेत सापडली. ती बातमी वाचली त्याच दिवशी आबांनी गाडीची किल्ली खुंटीवरून उंच फळीवर नेली. विदर्भातल्या उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, काच बोटभर खाली असली तरी.

पहिला धडा पट्ट्याचा. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना बसवलं तर २०१९ च्या सुधारित कायद्यात १००० रुपये दंड आहे, हे आबा सांगत होते. नातीनं त्यांच्या सीटच्या खाचेतून एक लोखंडी जीभ उपसली. "आबा, हे काय होय जी?" ते होतं पट्ट्याचं नुसतं टोक, गाडीची टुंटुं गप्प करायला बाजारातून आणलेलं. मास्तरांनी घाईनं विषय बदलला.

"११२ वर फोन लागला. पत्ता काय सांगशील?"

"दत्त चौकाच्या पुढं. जिथं उधारीच्या दुकानासमोर आबा मान खाली घालतात, तिथून डावीकडं."

पत्ता बिनचूक होता.

मग चाइल्ड लॉक. मागच्या दाराच्या कडेला असलेला तो इवलासा खटका खाली केला की दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. प्रात्यक्षिकासाठी आबा स्वतः मागे बसले. नातीनं दार लावलं. "अडकलो तर काय करायचं? पुढं सरकायचं आणि हॉर्न दाबायचा. बहुतेक गाड्यांत किल्लीशिवायही वाजतो," असं म्हणत ते दोन सीटांच्या मधून पुढं घुसले. सहा वर्षांचं लेकरू तिथून सहज जातं; आबांचा गुडघा गिअरपाशी अडकला, हात मात्र हॉर्नवर पोचला. शेजारचे काका बनियनवरच धावत आले. दोन कुत्री आली. दूधवाला सायकल टाकून आला.

नात दाराशी शांत उभी होती.

"आबा, सुरुवातीलेच तुमी काचा खाली केल्या न जी. हात बाहेर काढून दार उघडा."